जड गिटारवर कसा आवाज बसतो? डूम मेटलला ग्राउलच लागतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: डूम मेटलचा, म्हणजे संथ आणि जड मेटलचा, बँड नवा आहे, गिटार खालच्या सुरात उतरवून चांगली जड वाजतेय, लय संथ आहे, पण गायकाने तोंड उघडलं की सगळंच हलकं पडतं. मग त्याने ग्राउल, म्हणजे तो खोल गुरगुरता आवाज, शिकून घ्यावा का?

माझं उत्तर: आत्ताच नको. बहुतेक कधीच नको.

मी बेळगावचा. उद्यमबागेत लेथवर काम करतो आणि रविवारी एका बंद शेडमध्ये आम्ही चौघं हेच संगीत वाजवतो. गाणं माझ्याकडे आलं ते बाकी तिघांचे हात गुंतलेले म्हणून, गळा बरा म्हणून नव्हे. गिटार एवढी जड, तर आवाजही तेवढाच जड पाहिजे असं समजून पहिलं वर्ष मी नुसता ओरडलो. घशातून ओरडलो, हे महत्त्वाचं. एका सोमवारी आवाज असा बसला की तीन दिवस फोरमनशी खुणांनी बोलत होतो. आणि एवढं करून रेकॉर्डिंग ऐकलं तर गिटारच्या घरघरीत माझी घरघर, करवतीवर करवत चालवल्यासारखी. शब्द नाहीत, सूर नाही, वजनही नाही.

कारण सोपं आहे. डिस्टॉर्शन लावलेली (म्हणजे आवाज मुद्दाम फाडलेली) गिटार नुसती खालचा सूर देत नाही, त्याच्यावरचे सगळे उपसूर फुगवून मधली जागा भरून टाकते. ग्राउल खोट्या स्वरतंतूंच्या कंपनातून येतो. त्याला ठरलेला सूर नसतो, आणि तोही तीच मधली जागा मागतो. एका बाकावर दोन लठ्ठ माणसं बसल्यावर जे होतं तेच होतं.

आता पेटी घ्या. ब्लॅक सॅबथ बँडचा गिटारवाला टोनी अयोमी, त्याची दोन बोटांची टोकं बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात गेली (मशीनवर काम करणाऱ्याला ही गोष्ट वाचताना पोटात गोळा येतो). कडक तारा दाबणं जड, म्हणून पुढे त्याने तारा सैल केल्या. १९७१ च्या 'मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी'त त्याची जाड तार तीन अर्धसूर खाली आली. म्हणजे कुठे? काळी एक! आपल्याकडे कितीतरी पुरुष गायक जिथे सा लावतात तीच पट्टी, फक्त एक सप्तक खाली. म्हणजे डूमची गिटार ही काळी एकच्या गायकाचा खर्ज धरून बसलेली आहे. तानपुरा समजा, जरा दारू प्यायलेला. तुम्ही पण जाऊन खर्जातच बसलात तर वरचं सगळं घर रिकामं राहतं.

म्हणून ब्लॅक सॅबथचा गायक ऑझी, त्याचा आवाज बसतो. त्याच्या आवाजात वजन अजिबात नाही. पातळ, थोडा नाकातला, आणि घाबरलेला. १९७० च्या पहिल्या अल्बमचं पहिलं गाणं ऐका: सा, वरचा सा, मग तीव्र मध्यमावर येऊन थांबलेली रिफ (गिटारचा पुन्हा पुन्हा येणारा तुकडा), आणि तिच्यापुढे उभा एक भेदरलेला माणूस. डोंगर केवढा हे कळायला पायथ्याशी माणूस लागतो. माणूसही डोंगराएवढाच केला तर चित्रात काहीच मोठं राहत नाही.

आपल्या भागात हे कुणाला शिकवायला नको खरं तर. चिकोडी-निपाणीकडे बिरदेवाच्या जत्रेत धनगरी ढोल ऐकलाय? छातीत धक्का बसतो. आणि त्याच्यावर ओवी म्हणणारा म्हातारा कानावर हात ठेवून टिपेला जातो, ढोलाशी कुस्ती खेळत नाही. माझी आजी म्हणायची, ढोल जमिनीला सांगतो, ओवी आभाळाला. मला हे पटायला एक वर्ष आणि एक घसा गेला.

मग ग्राउल चुकीचाच का? नाही. फिनलंडच्या थेरगोथॉन, स्केप्टिसिझम या बँडच्या फ्युनरल डूममध्ये (डूमचाच आणखी संथ प्रकार) तो अगदी घट्ट बसतो. पण तिथे चाल कीबोर्डने नाहीतर ऑर्गनने उचललेली असते आणि आवाज स्वतःच एक वाद्य होऊन तळाला जातो. तो गात नाही, जमिनीखालून येतो. इंग्लंडच्या माय डायिंग ब्राइडने १९९३ च्या अल्बममध्ये ग्राउल आणि साधं रडवेलं गाणं दोन्ही वापरलं, सोबत व्हायोलिन. तिथे ग्राउल उठून दिसतो तो शेजारी साधा आवाज आहे म्हणून. नुसत्या तिखटाचं जेवण कोण जेवतं?

दुसऱ्या टोकाला स्वीडनचा बँड कँडलमास. १९८७ पासून त्यांच्याकडे मेसाया मार्कोलिन ऑपेरासारखा गायचा. तयार गळ्याची ताकद तीन हजार हर्ट्झच्या आसपास गोळा होते, म्हणून असा गायक अख्ख्या वाद्यवृंदावरून ऐकू जातो, गिटारवरूनही जातो. पण तयारी नसताना ती नक्कल केली की नाटकातला राजा होतो. मी करून बघितलंय. गिटारवाला हसून खाली बसला.

तुमच्या बँडचा घोळ मला वाटतं वेगळाच आहे: अक्षरं जास्त झालीत. साठच्या लयीत चार मात्रांचं एक आवर्तन चार सेकंदांचं. बोलताना चार सेकंदांत पंधरा-वीस अक्षरं सहज निघतात, म्हणून नवा गायक तेवढी कोंबतो. खाली बैलगाडी आणि वर धावतं वर्णन! चार-पाच अक्षरं ठेवा. बाकी गप्प बसा. कुमार गंधर्व आमच्या इथल्या सुळेभावीचे. क्षयाने एक फुफ्फुस निकामी झाल्यावर त्यांनी लांब दमाचा हट्ट सोडला आणि छोट्या छोट्या तुकड्यांत गायला लागले. मधली शांतताच बोलते त्यात. विलंबित गायकी ऐकून मला डूमबद्दल जितकं कळलं तितकं मेटल ऐकूनही नाही.

अजून एक, मराठीत लिहीत असाल तर. आमचा गिटारवाला गोकाककडचा, घरात कन्नड. त्याने एकदा सहज दाखवलं: पाऊस, डोंगर, काळोख, आपले शब्द बोलताना व्यंजनावर येऊन बंद होतात. त्याचे मळे, बेट्ट, कत्तलु, सगळे स्वरावर उघडे. ताणायला बसले तर त्याचा शब्द चार मात्रा चालतो, माझा दीडमध्ये दार लावून घेतो. मी आधी चिडलो (इथे भाषेवरून चिडायला वेळ लागत नाही). मग भजनातला 'विठ्ठल' आठवला. टाळकरी शेवटचा अ गिळत नाहीत, पूर्ण लांबवतात. तेव्हापासून मी काळोखमधला अ मोकळा सोडतो. ऐकणाऱ्याला थोडं जुनाट वाटतं, ते डूमला चालतंच.

आता करून काय बघायचं? गिटार बंद करा आणि गायकाला एकट्याला, माईकशिवाय, त्याच लयीत गायला सांगा. तेवढंच ऐकून अंगावर काटा आला तर आवाज बरोबर आहे, मग गिटारच्या अँपवरचं मिडचं (मधल्या सुरांचं) बटण जरा खाली करा, गेन (डिस्टॉर्शन वाढवणारं बटण) कमी करा, त्याला जागा द्या. आम्ही गेन निम्म्यावर आणला तेव्हा बँड उलट जास्त जड वाजायला लागला. मग रिफच्या सा पासून वरच्या पंचमाच्या आसपास चाल शोधा. रिफच्याच सुरांवरून गायचं असेल तर एखाद्या कडव्यापुरतं, जन्मभर नको. एको भरमसाट ओतू नका, तो दोष झाकतो आणि शब्दही.

आणि ग्राउल शिकायचाच असेल तर येणाऱ्या माणसाकडून शिका. घसा दुखला की त्याच क्षणी थांबा, पाणी प्या, घरी जा.

तुमची गिटार कोणत्या पट्टीत उतरवली आहे आणि गायकाचा सा कुठे लागतो, तेवढं कमेंटमध्ये लिहा. या दोन गोष्टींवरून पुढचं सांगता येईल.