अमिओडॅरोनच्या गोळीने फुप्फुसांना इजा होते का?

होय, होते. आपल्या आईंना हृदयाच्या अनियमित ठोक्यांसाठी अमिओडॅरोन सुरू होऊन आठ महिने झाले आहेत आणि आता कोरडा खोकला लागला आहे, तर दोहोंचा संबंध असेल का, असे आपण विचारले आहे. नेमका हाच प्रश्न मी 2017 साली आमच्या घरात विचारला होता आणि मला गप्प बसवण्यात आले होते.

माझे वडील ही गोळी अडीच वर्षे न चुकता घेत होते. पुढे जिना चढताना त्यांना दम लागू लागला, कोरडा खोकला आणि बारीक ताप सुरू झाला. एक्स-रेमध्ये डाग दिसल्यामुळे न्यूमोनिया समजून दोनदा प्रतिजैविके देण्यात आली, मग क्षयाच्या शंकेने थुंकी तपासली गेली आणि त्यातही काही निघाले नाही. गोळीसोबतच्या माहितीपत्रकात फुप्फुसांविषयी इशारा छापलेला आहे, हे मी थोरल्या बंधूंना दाखवले; त्यावर ‘हृदयाच्या गोळीचा खोकल्याशी काय संबंध? डॉक्टरांना शिकवू नकोस,’ एवढेच उत्तर मिळाले. तीन महिने असे वाया गेल्यावर छातीच्या तज्ज्ञांनी सगळ्या गोळ्या टेबलावर मांडायला लावल्या, एचआरसीटी (फुप्फुसांचा बारकाईने काढलेला सीटी स्कॅन) केला, आणि हृदयरोगतज्ज्ञांशी बोलून ही गोळी बंद करून स्टिरॉइड सुरू केले. हे औषध चरबीत आणि फुप्फुसांत साठून राहते व निम्मे शरीराबाहेर पडायलाच साधारण दोन महिने लागतात, त्यामुळे स्टिरॉइड जरा लवकर कमी करताच वडिलांचा दम पुन्हा वाढला. ते वाचले, परंतु फुप्फुसांवर पडलेले व्रण कायम राहिले.

ज्याला औषध सुरू करण्यापूर्वीचा एक्स-रे आणि डीएलसीओ ही श्वसनचाचणी आवश्यक वाटत नाही, त्याने हे औषध लिहूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तुलनेला जुना अहवालच नसेल, तर बिघाड केव्हा सुरू झाला हे कळणार कसे? आणि माहितीपत्रक वाचणे म्हणजे डॉक्टरांवरचा अविश्वास नव्हे, हे मी बंधूंना आजही सांगते.

मात्र गोळी स्वतःहून थांबवू नका. काहींच्या बाबतीत तीच जीवघेणे ठोके आवरून धरते. बहुतेक रुग्णांना हा त्रास होतही नाही. खोकला हृदय कमजोर होऊन फुप्फुसांत पाणी साठल्यानेही येतो, आणि रक्तदाबासाठी रामिप्रिलसारखी गोळी चालू असेल तर तिच्यानेही येतो. आईंची सगळी औषधे एका पिशवीत घालून याच आठवड्यात त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांकडे जा आणि अमिओडॅरोनचे नाव घेऊनच शंका विचारा.