घाटावरच्या माणसाने ग्रीनिचचा शिडाच्या जहाजांचा महोत्सव पाहावा का?

‘आम्ही बेळगावकडचे, जहाजांतले काही कळत नाही, लंडनमध्ये असताना ग्रीनिचच्या महोत्सवात एक दिवस घालवावा का, आणि गुडघे दुखणाऱ्या आईला न्यावे का?’ असे आपण विचारले आहे. दिवस अवश्य घालवावा. मात्र ‘कळत नाही’ हे शब्द आपण मागे घ्यावेत. सप्टेंबर २०१४मध्ये मी खानापूरहून लेकीकडे निघालो, तेव्हा माझे वेंगुर्ल्याचे साडू भर पंगतीत म्हणाले होते, ‘घाटावरच्या माणसाने शिडे बघून काय करायचे? बैलगाड्या बघाव्यात.’

त्या वर्षी ग्रीनिच आणि वुलिच मिळून सुमारे पन्नास जहाजे आली होती. एका तीन डोलकाठ्यांच्या जहाजावर विशीतली एक मुलगी लाकडी खुंटीला इंग्रजी आठच्या आकड्यासारखे दोराचे वेढे देत होती आणि उरलेला दोर गुंडाळून त्याच खुंटीवर अडकवत होती. गाठ मात्र तिने कुठेच मारली नाही. गाडीत भाताच्या पेंढ्या रचून सोल आवळताना माझे वडीलही असेच नुसते वेढे देत, म्हणजे ओझे कलंडू लागले तर दोर एका झटक्यात सुटे. लेकीकरवी मी त्या मुलीला कारण विचारले. वारा फिरला की गाठी सोडत बसायला सवड नसते, असे ती म्हणाली. तेव्हा बैलगाडी पाहिलेल्यालाच जहाज अधिक कळते, असे माझे मत आहे.

शिवाय आपल्या नौदलाची ‘तरंगिणी’ ही तीन डोलकाठ्यांची शिडाची नौका गोवा शिपयार्डमध्ये बांधली गेली, १९९७मध्ये सेवेत आली आणि २००३-०४मध्ये तिने पृथ्वीप्रदक्षिणा केली. हे शिपयार्ड वास्कोला आहे, म्हणजे आमच्या लोंढ्याहून जाणारी रेल्वे जिथे संपते तिथे. समुद्रकाठच्या साडूंना हे मी सांगेपर्यंत ठाऊक नव्हते.

आईंचे म्हणाल, तर पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास तिथे थेम्सचे पाणी सहा मीटरहून अधिक वरखाली होते, त्यामुळे ओहोटीला तरंगत्या धक्क्याकडे उतरणारी वाट फार उभी होते. भरतीची वेळ पाहूनच त्यांना न्यावे, किंवा त्यांना ग्रीनिचमधलेच १८६९चे ‘कटी सार्क’ जहाज दाखवावे. चीनचा चहा आणणारे ते जहाज १९५४पासून कोरड्या गोदीत उभे आहे आणि हलत नाही. महोत्सव दरवर्षी भरत नाही, हे मी आधीच लिहायला हवे होते. तारखा पाहूनच विमानाचे तिकीट काढावे.