सेफ्टी व्हॉल्व्ह फडफडतो तेव्हा

प्रश्न : आमच्या टोल्युइनच्या व्हेसलवर ‘जे’ ऑरिफिसचा (वाफ जाण्याच्या छिद्राचं ठरावीक माप) सेफ्टी व्हॉल्व्ह होता. अधिक सुरक्षित म्हणून त्याच नोझलवर (व्हेसलला व्हॉल्व्ह जोडणारी आखूड नळी) मोठा ‘एल’ बसवला. आता तो उडताना फडफडतो. स्प्रिंग बदलावी का?
— एक वाचक, लोटे-परशुराम

उत्तर : स्प्रिंगला हात लावू नका, दोष मापात आहे. ‘जे’चं क्षेत्रफळ १.२८७ चौरस इंच, ‘एल’चं २.८५३. म्हणजे पूर्ण उघडल्यावर सव्वादोन पट वाफ जाते, नोझल मात्र तेच. नोझलमधली दाबाची घट प्रवाहाच्या वर्गाने वाढते. पूर्वी २ टक्के असेल तर आता १० टक्क्यांच्या आसपास. एपीआय ५२० या अमेरिकी मानकाची शिफारस सेट प्रेशरच्या (ज्या दाबाला व्हॉल्व्ह उघडतो) जास्तीत जास्त ३ टक्क्यांची, आणि हिशेब व्हॉल्व्हच्या पूर्ण क्षमतेवर करायचा, गरजेच्या प्रवाहावर नाही. इथेच बहुतेक जण चुकतात. ही घट ब्लोडाउनच्या पुढे गेली (उघडण्याच्या आणि मिटण्याच्या दाबातला फरक, साधारण ७ ते १० टक्के) की डिस्कखालचा (व्हॉल्व्हच्या झाकणाखालचा) दाब उघडताच पडतो, व्हॉल्व्ह मिटतो, दाब चढला की पुन्हा उघडतो. सीट खराब होते, बोल्ट सैल होतात आणि पूर्ण क्षमता कधीच मिळत नाही.

माप आधी प्रसंगावरून ठरतं : आउटलेट बंद, कूलिंग वॉटर गेलं, स्टीम व्हॉल्व्ह उघडा अडकला, आग. प्रत्येकाचा प्रवाह काढून सर्वांत मोठा धरा. आगीसाठी उष्णता (किलोवॉट) = ४३.२ × आतून द्रवाने भिजलेल्या पृष्ठभागाचा (चौरस मीटर) ०.८२ वा घात, व्हेसलवर इन्सुलेशन नसेल तर. ३० चौरस मीटरला ७०० किलोवॉट. बाष्पीभवनाची उष्णता किलोला ३४० किलोज्यूल धरली तर ताशी सुमारे ७,४०० किलो वाफ.

पण ४३.२ तेव्हाच, जेव्हा सांडलेलं द्रव व्हेसलखालून लगेच वाहून जातं आणि आग विझवण्याची सोय तत्पर असते. नाहीतर ७०.९ घ्या, तेच उत्तर १२,२०० किलो होतं. जुलैत डाइकमध्ये (व्हेसलभोवतीच्या बांधात) पाणी साचलेलं असेल तर टोल्युइन त्यावर तरंगत व्हेसलखालीच जळत राहील. आपल्याकडे ७०.९ च धरावा, असं आमचं ठाम मत आहे.

‘जे’ पुरत असेल तर तोच परत लावा. नसेल तर नोझल रुंद करा, किंवा दोन लहान व्हॉल्व्ह स्वतंत्र नोझलवर, दुसऱ्याचा सेट प्रेशर डिझाइन दाबाच्या १०५ टक्क्यांपर्यंत. तोवर व्हेसल चालवू नका. डिस्चार्ज पाइपच्या तळाचं निचऱ्याचं छिद्र पावसाळ्याआधी मोकळं करा. गंजाने बुजलं तर पाणी थेट डिस्कवर साचतं.