आकडे सगळे लिहिले, तरी बँड सहाच

"दहावीपासून माझं गणित कच्चं आहे. मोठा निबंध मी लिहिते हो, पण आयईएलटीएसच्या पहिल्या प्रश्नातला तक्ता दिसला की डोकं बंद पडतं. गणिताचा क्लास लावू का?"

असं विचारणाऱ्या सिस्टर आयसीयूत नऊ वर्षं काम करतात. (हीच तक्रार घेऊन येणाऱ्या अनेकांची मिळून ही एक हकीकत केली आहे, म्हणून नाव-गाव नाही.) त्यांना इंग्लंडमध्ये नर्स म्हणून नोंदणी करायची आहे. तिथल्या नर्सिंग कौन्सिलला आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेचा अ‍ॅकॅडमिक प्रकार लागतो. ऐकणं, वाचणं आणि बोलणं यांत प्रत्येकी 7 बँड (म्हणजे गुणश्रेणी), लेखनात 6.5. सिस्टरांचं बाकी सगळं जमलं होतं. लेखन मात्र दोनदा 6 वर अडकलं.

लेखनाला 60 मिनिटं असतात. पहिल्या प्रश्नात आलेख, तक्ता, नकाशा किंवा एखादी प्रक्रिया देतात आणि किमान 150 शब्दांत तिचं वर्णन मागतात. दुसरा निबंध किमान 250 शब्दांचा, आणि त्याचं वजन पहिल्याच्या दुप्पट. निकालपत्रावर लेखनाचा एकच बँड छापून येतो, त्यामुळे कुठल्या प्रश्नाने खाली ओढलं ते कळायला मार्ग नसतो. ढोबळ हिशेब करून बघा: निबंधाला 6.5 आणि तक्त्याला 5 मिळाले, तर सरासरी येते 6.

म्हणून आधी त्यांना घड्याळ लावून एक तक्ता लिहायला दिला. मुद्दाम त्यांच्याच क्षेत्रातला निवडला: राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2015-16 आणि 2019-21 या दोन फेऱ्या, भारताचे पाच निर्देशांक. आरोग्यसंस्थेतल्या प्रसूती 78.9 टक्क्यांवरून 88.6 वर. सिझेरियन 17.2 वरून 21.5 वर. सहा महिन्यांखालच्या बाळांना निव्वळ स्तनपान 54.9 वरून 63.7 वर. सहा महिने ते पाच वर्षांखालच्या मुलांतला रक्तक्षय 58.6 वरून 67.1 वर. पाच वर्षांखालच्या मुलांची खुंटलेली वाढ 38.4 वरून 35.5 वर.

सिस्टरांनी 31 मिनिटं घेतली आणि 214 शब्द लिहिले. दहाच्या दहा आकडे उतरले होते, एकही चुकला नव्हता. आकड्यांशी त्यांचं भांडण नाही, हे तिथेच दिसलं. पण उत्तर म्हणजे तक्त्याचीच नक्कल होती: पहिली ओळ अमुक होती, मग तमुक झाली, दुसरी ओळ अमुक होती, मग तमुक झाली. या परीक्षेच्या गुणदानाच्या निकषांत पाच बँडचं वर्णन जवळजवळ असंच आहे. तपशील यांत्रिकपणे सांगितलेला, एकूण चित्र स्पष्ट नाही. सहासाठी ते चित्र असावं लागतं, सातसाठी ते ठळक असावं लागतं. प्रश्नपत्रिकाही सरळ सांगते की मुख्य गोष्टी निवडा आणि जिथे योग्य तिथे तुलना करा. बहुतेक जण ‘निवडा’ हा शब्द वाचून पुढे जातात.

मग त्यांना विचारलं, "रात्रपाळी संपवून सकाळच्या सिस्टरना ओव्हर देता, रुग्णांची माहिती सोपवता, तेव्हा ताप-नाडी-श्वासाच्या टीपीआर चार्टवरचा दर तासाचा ताप वाचून दाखवता का?"

"छे! इतका वेळ कुणाला असतो? रात्रभर ताप चढाच होता, चारनंतर उतरला, नाडी ठीक आहे, युरिन आउटपुट कमी आहे त्यावर लक्ष ठेवा. संपलं."

हेच ते एकूण चित्र. जे त्या रोज सकाळी दोन मिनिटांत तोंडी करतात, ते परीक्षेत इंग्रजीतून लिहायचं. गणिताचा क्लास लावायचा बेत तिथेच रद्द झाला.

सराव असा ठरला: तक्ता दोन मिनिटं बघायचा, मग आकड्यांवर हात ठेवायचा आणि मराठीत ओव्हर द्यायचा. आकडा उच्चारायचा नाही. पहिल्या खेपेला सिस्टर म्हणाल्या, "चार गोष्टी वाढल्या, एक कमी झाली." बरोबर, पण अपुरं. आणखी काय दिसतं? थोडं थांबून म्हणाल्या, "दोन्ही वेळा दवाखान्यातली बाळंतपणंच सगळ्यात वर आहेत, सिझेरियन सगळ्यात खाली." आणि मग स्वतःच, "अहो, पाचांचा क्रमसुद्धा तोच राहिलाय की!" खरंच तोच होता. 214 शब्दांत ही गोष्ट एकदाही आली नव्हती.

याचं इंग्रजी अवघड नाही: ‘ओव्हरऑल, फोर ऑफ द फाइव्ह फिगर्स रोज, व्हाइल स्टंटिंग वॉज द ओन्ली वन टू फॉल. द रँकिंग डिड नॉट चेंज.’ प्रस्तावनेच्या वाक्यानंतर लगेच, वेगळ्या परिच्छेदात. या दोन वाक्यांत आकडे नकोत, ते पुढच्या दोन परिच्छेदांचं काम. शाळेतल्या निबंधाला उपसंहार लागायचा, म्हणून बरेच जण हे चित्र शेवटी टाकतात आणि वेळ संपली की तेच राहून जातं. इथे उपसंहार लागत नाही.

पुढच्या परिच्छेदांत आकडे गट करून घ्यायचे. प्रसूती, स्तनपान आणि रक्तक्षय हे तिन्ही साधारण तितकेच वाढले आहेत, साडेआठ ते पावणेदहा टक्केबिंदू (म्हणजे दोन टक्केवारींची वजाबाकी), म्हणून ते एकत्र. सिझेरियन आणि खुंटलेली वाढ हे बदल लहान आणि उलट दिशांचे, म्हणून ते समोरासमोर. असा गट पडला की ‘व्हाइल’ आणि ‘वेअरअ‍ॅज’ वापरायला आपोआप जागा मिळते, ते ओढून आणावे लागत नाहीत.

खरी गडबड टक्का आणि टक्केबिंदू यांत होते. सिझेरियन 17.2 वरून 21.5 वर गेलं, म्हणजे 4.3 टक्केबिंदूंनी वाढलं. पण 4.3 हा 17.2 चा बरोबर चौथा हिस्सा आहे. म्हणून ‘रोज बाय 4.3 पर्सेंट’ लिहिलं तर माहिती चुकते, ‘4.3 पर्सेंटेज पॉइंट्स’ किंवा ‘बाय अ क्वार्टर’ लिहायला हवं. सिस्टरांनी वहीत दोन्ही लिहून ठेवलं, आणि परीक्षेत पहिलंच वापरायचं ठरवलं. वजाबाकी भागाकारापेक्षा सुरक्षित.

‘बाय’, ‘टू’ आणि ‘फ्रॉम’ यांचा गोंधळ मराठीच सोडवते. 78.9 वरून, 9.7 ने, 88.6 वर. ‘वरून’ म्हणजे फ्रॉम, ‘ने’ म्हणजे बाय, ‘वर’ म्हणजे टू. वाक्य आधी मनात मराठीत जुळवलं तरी चालतं, फक्त प्रत्यय नीट ऐकायचा.

कर्ता कोण, हे मात्र मराठीच्या आधाराने सुटत नाही. आपण सहज म्हणतो, ‘दवाखान्यातली बाळंतपणं वाढली’. तक्त्यात प्रमाण वाढलं आहे, संख्या नाही. एकूण जन्म घटले तरी प्रमाण वाढू शकतं. म्हणून ‘द परसेंटेज ऑफ बर्थ्स...’ अशी सुरुवात. एका वाक्यात त्यांनी ‘78.9 पर्सेंट ऑफ पीपल’ लिहिलं होतं, तीही हीच चूक. या पाच ओळींत कुठे प्रसूती मोजल्या आहेत, कुठे मुलं, आणि मुलांचेही वयोगट वेगळे. त्यामुळे ही टक्केवारी एकमेकांत मिळवायची नाही.

दुसरा सापळा शब्दांचा. क्लासच्या नोट्समधून पाठ केलेले ‘स्टेडिली’, ‘फ्लक्च्युएटेड’ त्यांनी इथे चिकटवले होते. पण तक्त्यात दोनच वेळा आहेत. मधल्या काळात काय झालं ते तक्ता सांगत नाही, मग स्थिरपणे वाढलं की हेलकावे खात वाढलं हे कसं म्हणणार? आणि 2.9 टक्केबिंदूंच्या घटीला ‘प्लमेटेड’ म्हणणं म्हणजे 99 तापाला ‘हाय फीवर’ लिहिण्यासारखं. हे सांगितल्यावर त्या मनापासून हसल्या.

काळाचं फार अवघड नाही. वर्ष दिलंय आणि ते सरलंय, तर साधा भूतकाळ. वर्षच दिलं नसेल तर साधा वर्तमानकाळ. पुढचं वर्ष असेल तर ‘इज प्रोजेक्टेड टू’.

सिस्टरांना सगळ्यात जड गेली ती वेगळीच गोष्ट. रक्तक्षय वाढला हे पाहून त्यांनी तीन ओळी कारणांवर लिहिल्या होत्या: आहार, लोहाच्या गोळ्या, आणि दुसऱ्या फेरीच्या मध्यात आलेला कोविड. "पण हे खरं आहे ना!" असेलही. तरी तक्त्यात ते नाही, आणि हा प्रश्न फक्त तक्त्यात दिसतं तेवढंच मागतो. मत आणि कारणं दुसऱ्या निबंधात. जाणकार माणसालाच हा मोह जास्त होतो, म्हणून सरावासाठी पुढचे तक्ते मुद्दाम परक्या विषयांचे दिले: मासे निर्यात, ग्रंथालयांचे वाचक, रेल्वेचे प्रवासी.

वेळेची वाटणी अशी: तीन मिनिटं बघणं आणि गट पाडणं, चौदा मिनिटं लिहिणं, तीन मिनिटं तपासणं. तपासताना फक्त तीन गोष्टी: आकडे तक्त्याशी जुळतात का, काळ एकच आहे का, एकूण चित्राचा परिच्छेद आहे का. विसाव्या मिनिटाला पेन दुसऱ्या प्रश्नावर, वाक्य अर्धं असलं तरी. 165 ते 180 शब्द पुरतात. प्रश्नातलं वाक्य जसंच्या तसं उतरवून शब्द वाढवायचे नाहीत, ते आपल्या भाषेत म्हणून धरलं जात नाही.

मधेच त्यांनी विचारलं, त्यापेक्षा ओईटी, म्हणजे आरोग्यक्षेत्रातल्यांसाठीची इंग्रजीची परीक्षाच का देऊ नये? नर्सिंग कौन्सिलला तीही चालते, आणि तिच्यात आलेख नसतो; केस नोट्सवरून पत्र लिहायचं असतं. पर्याय चांगला आहे. पण त्या नोट्समध्येही गरजेपेक्षा जास्त माहिती मुद्दाम घातलेली असते, आणि कुठली गाळायची हेच तिथे तपासतात. आलेख टळेल, निवड टळणार नाही. दोन्हींचा एकेक नमुना सोडवून बघा आणि मग फी भरा, एवढंच सांगितलं.

त्या आयईएलटीएसवरच राहिल्या. तीन आठवड्यांत अकरा तक्ते झाले. शेवटचा 19 मिनिटांत, 172 शब्दांत. एकूण चित्र दुसऱ्या परिच्छेदात होतं, कारणांची एकही ओळ नव्हती, दहातले सहाच आकडे घेतले होते. चौथ्या ओळीत मात्र ‘रोज टू 4.3’ असं राहून गेलं होतं. त्याखाली त्यांनीच लाल पेनाने लिहिलं: ‘ने!’