पोर्टफोलिओवरचे अभिप्राय: कुणाचं ऐकायचं, कुणाचं सोडायचं?

तुमची अडचण मला समजली ती अशी: लेटरिंग (अक्षरं रेखाटणं) आणि पॅकेजिंगच्या कामाची वेबसाइट केली, लिंक ओळखीच्यांना पाठवली. बहुतेक जण "भारी!" म्हणाले, एक जण म्हणाला "मजा नाही आली", आणि एका सीनियरने अख्खा लेआउट बदलायला सांगितला. आता ऐकायचं कुणाचं?

"कशी वाटली?" असं विचारलं की ओळखीचा माणूस "छान" म्हणणारच, दुसरं काय म्हणेल बिचारा. त्याऐवजी साइट त्याच्या फोनवर उघडायला सांगा, शेजारी गप्प बसा आणि मग विचारा: मी नेमकं काय काम करते? कुठलं काम लक्षात राहिलं? मला काम द्यायचं असेल तर कुठे जाशील? अंगठा कुठे अडतो ते बघा. वेबसाइट वापरायला किती सोपी आहे याचा अभ्यास करणारे जेकब नील्सन यांनी २००० सालीच मांडलं होतं की अशा चाचणीला पाच माणसं पुरतात, तेवढ्यांत बहुतेक मोठ्या अडचणी समोर येतात. मध्येच "अगं, ते खाली आहे" असं सांगायचा मोह होईल, तो टाळा. काम देणारा साइट बघेल तेव्हा तुम्ही शेजारी नसणार आहात.

सीनियरचं म्हणणं टाकून देऊ नका, पण जसंच्या तसं घेऊही नका. अनुभवी माणसं अडचण न सांगता थेट उपाय सांगतात. त्यांना एवढंच विचारा, "बघताना तुम्ही कुठे अडलात?" कदाचित उत्तर येईल की पहिल्या स्क्रीनवर तुम्ही काय करता तेच कळलं नाही. त्यासाठी अख्खा लेआउट नको, एक ओळ बदलली तरी भागेल. "मजा नाही आली" म्हणणाऱ्यालाही हेच विचारा. सांगता आलं नाही तर ती आवडनिवड समजा आणि सोडून द्या. तीच तक्रार तिघांकडून आली तर मात्र थांबून विचार करा.

आता तुमच्या साइटबद्दल. मी ती फोनवर पाहिली, कारण व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली लिंक बहुतेक जण फोनवरच उघडतात.

दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठाचं पान सगळ्यात सरस आहे. कच्च्या रेखाटनांपासून अंतिम अक्षरांपर्यंतचा प्रवास दिसतो, आणि नाकारलेला पर्याय का नाकारला तेही लिहिलंय. त्याला हात लावू नका. फरसाणाच्या पाकिटांचं काम चौघांचं दिसतंय, त्यात तुमचा वाटा कोणता हे लिहा. मुलाखतीत पहिला प्रश्न तोच येईल.

खरी अडचण मराठी मजकुराची आहे. मथळ्यांना लेटर-स्पेसिंग, म्हणजे अक्षरांमध्ये जादा अंतर, दिलंय, त्यामुळे शिरोरेखा प्रत्येक अक्षरापाशी तुटलीय. इंग्रजी मथळ्यात ते चालून जातं. देवनागरीत शब्द विस्कटतो, आणि ही तर लेटरिंग करणारीची साइट! ते शून्यावर आणा. ओळींमधलं अंतर अक्षराच्या आकाराच्या १.२ पट आहे, त्यामुळे वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला जाऊन भिडतो. १.६ च्या आसपास ठेवून बघा. कोडमध्ये पानाची भाषा इंग्रजी नोंदवलीय, ती मराठी करा. फॉन्टमध्ये सोय असेल तर ल आणि श मराठी वळणाचे येतील, आणि स्क्रीन रीडरही (दृष्टिहीनांना मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) मजकूर नीट वाचेल. पांढऱ्यावरच्या करड्या अक्षरांचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातलं प्रमाण, मोजला तर २.८५ भरतो. वेबसाइट सगळ्यांना वापरता यावी म्हणून डब्ल्यूसीएजी नावाचे आंतरराष्ट्रीय निकष आहेत, त्यांच्या एए पातळीप्रमाणे साध्या मजकुराला किमान ४.५ लागतो. उन्हात फोन धरला की तुमचा परिचय वाचताच येत नाही. यात आवडनिवडीचा प्रश्नच नाही, त्यामुळे कुणाशी चर्चा करत बसू नका, आजच दुरुस्त करा.

आलेल्या अभिप्रायाला लगेच उत्तर देऊ नका. "ते मी मुद्दाम केलंय" हे वाक्य जिभेवर आलं की आधी म्हणणं लिहून घ्या, दुसऱ्या दिवशी वाचा. मुद्दाम केलेलं बघणाऱ्याला चूक वाटत असेल तर तीही माहितीच आहे.

तुम्ही इतरांच्या कामावरही अभिप्राय लिहिता, म्हणून एक सांगते. आधी विचारा की साइट नोकरीसाठी आहे की थेट ग्राहकांसाठी, कारण एजन्सीतला माणूस प्रक्रिया बघतो आणि दुकानदाराला त्याच्यासारख्याच दुकानाचं झालेलं काम बघायचं असतं. मग कुठल्या पानावर, काय करताना, काय झालं ते लिहा. "मेनू गोंधळाचा आहे" यातून समोरच्याला काही हाती लागत नाही. "संपर्क शोधताना दोनदा 'माझ्याविषयी'वर गेले" हे वाचून तो लगेच कामाला लागू शकतो. कौतुकही तितकंच नेमकं करा, नाहीतर पुढच्या फेरीत तो नेमकी चांगली गोष्टच काढून टाकतो.

अक्षरांचं आणि कॉन्ट्रास्टचं काम आधी करा, मग पहिल्या स्क्रीनवरची, तुम्ही काय करता ते सांगणारी ओळ. त्यानंतर ज्यांनी साइट अजून पाहिलेली नाही अशांनाच लिंक पाठवा. जुन्यांना आता संपर्काचं बटण कुठे आहे ते माहीत झालंय.