गाढव मोरीवर थांबतं, मारलं तरी हलत नाही. पाठीवर माणूस घ्यायला त्याला कसं तयार करू? की खेचर घेऊ?

तुमच्या प्रश्नावरून कळलं ते असं: गाढव गोकाककडून आणलंय, बेळगावकडच्या खानापूरजवळच्या शेतावर एकटंच आहे, दहा वर्षांच्या मुलाला आणि तुम्हाला त्यावर बसायचंय, पण ओढ्यावरची मोरी, म्हणजे छोटा पूल, आली की ते काठी घातली तरी पुढं सरकत नाही. थोडक्यात उत्तर: मुलगा बसेल, तुम्ही बसू नका, खेचराच्या नादी लागू नका आणि काठी आजच टाकून द्या.

आधी वजनाचं. ओझ्याच्या जनावरांसाठी केंद्राचे १९६५ चे नियम आहेत. त्यांत गाढवावर जास्तीत जास्त ५० किलो, तट्टावर ७० आणि खेचरावर २०० किलो ओझं घालता येतं. तुम्ही साठ-सत्तर किलोचे असाल तर नियमातही बसत नाही आणि त्याच्या पाठीवरही. वीटभट्टीवरची पोरं पार शेपटीपाशी बसून, पाय लोंबकळत जाताना दिसतात, ते बघून फसू नका. ती पोरं असतात चिपाडासारखी, आणि बसण्याआधी वर्षभर त्या गाढवांच्या मागं चाललेली असतात. निपाणीकडं आमच्या घरची वीटभट्टी होती, तेव्हा हे जवळून बघितलंय.

आता मोरी. घोडा घाबरला की उधळतो, म्हणून त्याची भीती सगळ्यांना कळते. गाढव घाबरलं की जागच्या जागी उभं राहतं आणि आपण त्याला हट्टी म्हणून मोकळे होतो. त्याचे पूर्वज आफ्रिकेतल्या कोरड्या, खडकाळ मुलखातले. तशा जागी डोळे मिटून पळण्यापेक्षा थांबून बघितलेलं बरं, हे त्याच्या रक्तातच आहे. तुम्ही स्वतः एकदा मोरीवर वाकून बघा. कड तुटलेली असेल, खालून पाण्याचा आवाज येत असेल, भेगेतून उजेड चमकत असेल. त्याला पाण्याची खोली कळत नाही, पायाखालचं पोकळ वाजतं तेही आवडत नाही.

दोरी ढिली सोडून त्याच्या खांद्याशी उभे राहा आणि नुसतं बघा. आधी दोन्ही कान पुढं येतील. मग मान खाली जाईल, नाकपुड्या फुगवून कड हुंगेल. पुढचा एक खूर उचलेल आणि परत तिथंच ठेवेल. याला लोक अडणं म्हणतात, पण तेवढ्यात त्याचा निम्मा विचार झालेला असतो. नेमकी त्याच वेळी मागून काठी बसली की मोरी म्हणजे मार एवढंच डोक्यात पक्कं होतं, आणि गाढव लवकर विसरत नाही. तुमच्याकडं बहुतेक हेच झालंय. त्यामुळं काही दिवस मोरीकडं जाऊच नका. बांधावर, मोकळ्या रानात सुरुवात करा.

म्होरकी घालून रोज पंधरा-वीस मिनिटं चालवा, जास्त नको. पुढं उभं राहून ओढायचं नाही. तुम्ही जेवढं ओढाल तेवढं ते मागं रेटेल, आणि या खेळात माणूस जिंकत नाही. दोरी हलकी ताणून धरा आणि थांबा. पाऊल पडलं, अगदी अंगाचा झोक पुढं आला, तरी त्याच क्षणी दोरी ढिली सोडा. ते सुटणं हेच त्याचं बक्षीस. गुळाचा खडा, उसाचं कांडं हे रोजचं करू नका. आपल्याकडं ऊस दारात म्हणून वाढं ढीगभर टाकतात, पण जास्त गोडानं आणि धान्यानं गाढवाच्या मानेवर चरबी चढते आणि खुरात आतून सूज येते. ज्वारीचा कडबा त्याला पुरतो.

ते शेजारून नीट चालायला लागलं की दोन लांब कासरे लावून मागून चालवा. ही पायरी बहुतेक लोक गाळतात. माणूस पाठीवर बसला की पुढं कुणी नसतं, आणि एकट्यानं पुढं जायची सवय नसलेलं गाढव तिथंच थांबतं. थांबायचा आणि निघायचा आवाज ठरवून ठेवा, घरात सगळ्यांनी तोच वापरायचा. शक्य असेल तर विकणाऱ्याला फोन करून तो काय आवाज द्यायचा ते विचारा. तिकडं ते कन्नड ऐकत आलं असेल, मग तुम्हीही तेच म्हणा की.

खोगिराचं जरा सांभाळून. घोड्याचं खोगीर याला बसत नाही. गाढवाची पाठ सपाट, खांद्यापाशी उंचवटा जवळजवळ नाहीच, त्यामुळं उतारावर सगळं सामान मानेवर सरकतं. घडी घातलेलं घोंगडं, त्यावर पेंढा भरलेली जाड गादी, आणि गादीला मधोमध खाच, म्हणजे भार कण्यावर न येता दोन्ही बाजूंना पडेल. मागं शेपटीखालून मऊ कापड गुंडाळलेली दुमची, म्हणजे गादी पुढं सरकू न देणारा पट्टा, हवीच. तंग, म्हणजे पोटाखालचा पट्टा, आवळताना मध्ये दोन बोटं जायला पाहिजेत. आधी नुसती गादी, मग दोन्ही बाजूंना थोडी थोडी वाळू भरलेल्या पिशव्या, आणि ते निवांत चालायला लागलं की मुलगा. तोही सुरुवातीला तुम्ही दोरी धरलेली असतानाच. उतरल्यावर गादीखालचा घाम बघा. सगळीकडं सारखी ओल असेल तर ठीक. मध्ये एखादा कोरडा ठिपका दिसला तर तिथं दाब पडतोय, पुढं तिथंच जखम होणार.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही, पण मला तीच जास्त महत्त्वाची वाटते. गोकाकची हवा कोरडी, तुमच्याकडं पाऊस धो-धो. गाढवाच्या केसांतून पाणी निथळत नाही, थेट कातडीपर्यंत जातं. खूरही चिखलात मऊ पडून सडतात. त्याला मृगाच्या आधी कोरड्या जमिनीचा, वरून न गळणारा गोठा पाहिजे. दीड-दोन महिन्यांनी खूर तासून घ्या. धनुर्वाताची लस द्या.

खेचराचं म्हणाल तर ते गाढवनर आणि घोडी यांचं पोर. घोड्याची गुणसूत्रं ६४, गाढवाची ६२, याची ६३, म्हणून पुढं वंश चालत नाही. काटक खरंच. १९७१ च्या युद्धात शत्रूच्या हाती लागलेलं सैन्यातलं पेडोंगी नावाचं खेचर पाठीवरच्या मशीनगनसकट परत आपल्या हद्दीत आलं होतं. पण ती सैन्यातली तालीम. आपल्या भागात खेचर क्वचितच दिसतं, आणायचं तर उत्तरेकडून आणावं लागतं, आणि त्याची लाथ नेम धरून बसते. नवख्या घरात, त्यात लहान मूल असताना, मी तरी सांगणार नाही.

त्या पैशात दुसरं गाढव घ्या. एकटं गाढव झुरतं, खाणं टाकतं, आणि खाणं टाकलेलं गाढव चरबी रक्तात उतरून मरूही शकतं. जोडीदार पुढं गेला की तुमची मोरीसुद्धा निम्मी सुटेल. मिळायला मात्र वेळ लागेल. देशात २०१२ च्या गणनेत सव्वातीन लाखांच्या आसपास गाढवं होती, २०१९ मध्ये सव्वा लाखच उरली. पौष पौर्णिमेला जेजुरीला बाजार भरतो, पण तुम्हाला ते लांब. आधी आसपासच्या भट्टीवाल्यांकडं, वडार-कुंभारांच्या घरी चौकशी करा. घेताना तोंड उघडून बघा: पुढचे कायमचे दात अडीच, साडेतीन आणि साडेचार वर्षांच्या सुमारास येतात, पाचव्या वर्षी तोंड भरतं. चारच्या आतलं असेल तर मुलालाही बसवू नका. चारी खूर हातात घेऊ देतं का बघा. आणि ग्लँडर्सची रक्ततपासणी पशुवैद्यकीय दवाखान्यातून करून घेतल्याशिवाय दोघांना एका गोठ्यात बांधू नका. तो रोग माणसालाही होतो.