इम्युनॉलॉजीच्या प्रयोगशाळेत गणित नेमके कुठे लागते?

आपण विचारले आहे की, लातूरला अकरावीत गणित सोडून जीवशास्त्र घेतले, आता बी.एस्सी. संपत आली असून इम्युनॉलॉजीत, म्हणजे रोगप्रतिकारशक्तीच्या शास्त्रात, संशोधन करण्याची इच्छा आहे, तर गणिताविना निभावेल का. मी छत्रपती संभाजीनगरच्या एका प्रयोगशाळेत प्रतिपिंडांवर (अँटिबॉडीजवर) काम करतो आणि मीही अकरावीत गणित सोडले होते. गणिताविना निभावत नाही. मात्र रोज लागणारे गणित बहुतेक गुणोत्तरांचे आणि घातांकांचेच असते.

पेशी मोजण्याचेच पाहा. हिमोसायटोमीटरच्या काचेवरील एका मोठ्या चौकोनात ०.१ मायक्रोलिटर द्रव मावतो, म्हणून चौकोनातील सरासरी संख्येला १०,००० ने गुणले की एका मिलिलिटरमधील पेशी कळतात. मृत पेशी ओळखण्यासाठी नमुन्यात तेवढाच ट्रिपॅन ब्लू हा रंग मिसळला असेल, तर पुन्हा दोनने गुणावे लागते. सुरुवातीला मी हे 'दोन' विसरलो, प्लेटच्या प्रत्येक खळग्यात दुप्पट पेशी गेल्या आणि तीन दिवसांचे काम वाया गेले. चूक गुणाकाराची होती, जीवशास्त्राची नव्हती.

प्रतिपिंडांचे टायटर, म्हणजे किती पट विरल केल्यावरही ती ओळखू येतात तो आकडा, काढताना रक्तद्रव दर पायरीला निम्मा विरल करत जातात, त्यामुळे मिळणारे आकडे १०, २०, ४०, ८० असे दुपटीने चढतात. समजा, तिघांची टायटरे ४०, ८० आणि ६४० आली. नेहमीची सरासरी २५३ निघते, पण ती एकट्या ६४० ने वर ओढलेली असते; तिन्हींचा गुणाकार करून घनमूळ काढले की १२७ येते. या भूमितीय मध्यामागे लॉगॅरिथमच आहे, आणि तो एकदा अंगवळणी पडला की एलायझाच्या (रंगाच्या गडदपणावरून प्रतिपिंडांसारखी प्रथिने मोजणाऱ्या चाचणीच्या) प्रमाण-वक्रावरून नमुन्यातील प्रमाण वाचणेही अवघड वाटत नाही.

मला स्वतःला सर्वांत आवडते ते संभाव्यतेचे गणित. लाखो पेशींत एखाद्या विषाणूला ओळखणाऱ्या किती, हे थेट मोजणे कठीण असते. म्हणून पेशी विरल करत अनेक खळग्यांत वाटतात आणि प्रतिसाद न देणारे खळगे मोजतात. ज्या विरलतेला सुमारे ३७ टक्के खळगे गप्प राहतात, तिथे प्वासाँच्या (विरळ घटनांच्या संभाव्यतेच्या) सूत्रानुसार दर खळग्यात सरासरी एक अशी पेशी असते. रिकाम्या खळग्यांवरून भरलेल्यांचा हिशेब लागतो, याचे मला अजूनही नवल वाटते.

याहून वरचे गणित म्हणजे अवकल समीकरणे, म्हणजे एखादी गोष्ट किती वेगाने बदलते हे मांडणारी समीकरणे. सैद्धांतिक जीवशास्त्रज्ञ ॲलन पेरेलसन, एड्स-संशोधक डेव्हिड हो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये औषध दिल्यानंतर रुग्णांच्या रक्तातील एचआयव्ही कोणत्या वेगाने घटतो हे समीकरणात बसवले आणि शरीरात रोज सुमारे १००० कोटी विषाणूकण तयार होतात, असा अंदाज काढला. वरवर शांत दिसणाऱ्या आजारात एवढी उलाढाल चालते, हे केवळ सूक्ष्मदर्शकातून दिसले नसते. असे काम मात्र बहुधा गणितज्ञ सोबत घेऊनच होते.

तेव्हा एम.एस्सी.ला प्रवेश घेण्यापूर्वीच्या सुट्टीत लॉगॅरिथम, विरलीकरणाची उदाहरणे आणि प्राथमिक संख्याशास्त्र, एवढे कागद-पेन्सिल घेऊन हाताने सोडवा. सॉफ्टवेअर नंतर शिकता येईल.